बोटांचे ठसे, गर्भातील त्वचा आणि मुलांची बुद्धी

वसई-विरार भागातील काही शिक्षकांनी गेल्या काही वर्षांत माझ्याकडे आणून दिलेली पत्रके समोर ठेवून हा लेख लिहीत आहे. पत्रके वेगवेगळ्या व्यावसायिकांची आहेत, पण मजकूर जवळजवळ एकच. मुलाच्या दहा बोटांचे ठसे द्या, आम्ही त्याची जन्मजात बुद्धिमत्ता, शिकण्याची पद्धत, स्वभाव आणि योग्य करिअर सांगू, असा त्यांचा दावा आहे. या चाचणीचे नाव भारदस्त आहे : ‘डर्मॅटोग्लिफिक्स मल्टिपल इंटेलिजन्स टेस्ट’, थोडक्यात डीएमआयटी. अहवाल रंगीत, पानांमागून पाने असलेला आणि आलेखांनी भरलेला असतो. काही अहवालांत मुलांची गरुड, मोर, घुबड आणि कबूतर अशी विभागणीही असते.

दहा बोटांवर शंख किती आणि चक्रे किती हे मोजून भविष्य सांगण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. आजीने नातवाचा हात हातात घेऊन चक्रे मोजली तर तो कौतुकाचा भाग असतो. त्यावरून कोणी मुलाची शाखा ठरवत नाही. हे पत्रक मात्र आपल्या विषयातली, म्हणजे जीवशास्त्रातली वाक्ये वापरते. गर्भ, आठवडे, बाह्यस्तर, मेंदूचे खंड हे शब्द त्यात असतात, आणि त्यांतली काही वाक्ये खरीही असतात. पालक ते पत्रक घेऊन विज्ञानाच्या शिक्षकांकडे येतात आणि विचारतात, “सर, बाई, हे खरं का?” ‘थोतांड आहे’ एवढे म्हणून शिक्षकाला सुटता येत नाही. खरे कुठपर्यंत आहे आणि खोटे कुठून सुरू होते, ती जागा त्याला दाखवता यायला हवी. त्यासाठी गर्भात त्वचा कशी घडते हे नीट पाहावे लागेल.

पत्रकाचे म्हणणे चार मुद्द्यांत मांडता येते. एक, बोटांवरील रेषा आणि मेंदू गर्भात एकाच काळात, साधारण १३ ते १९ आठवड्यांत घडतात. दोन, त्वचा आणि मेंदू दोन्ही एकाच थरापासून, बाह्यस्तरापासून, तयार होतात. तीन, दहा बोटे मेंदूच्या दहा खंडांशी जोडलेली आहेत. चार, वैद्यकशास्त्राने रेषांचा आणि मेंदूचा संबंध मान्य केलेला आहे. हे मुद्दे तपासण्याआधी मूळ घटनाक्रम पाहू. येथे दिलेले आठवडे गर्भधारणेपासून मोजलेले आहेत. दवाखान्यात शेवटच्या पाळीपासून मोजतात, त्यामुळे तिथला आकडा सुमारे दोन आठवड्यांनी जास्त असतो.

तिसऱ्या आठवड्यात गर्भाचे तीन थर होतात : बाह्यस्तर, मध्यस्तर आणि अंतःस्तर. या वेळी भावी त्वचेच्या जागी बाह्यस्तराच्या पेशींची एकच ओळ असते. चौथ्या-पाचव्या आठवड्यात तिच्यावर चपट्या पेशींचे दुसरे आवरण येते. हे आवरण तात्पुरते असते. गर्भजलाकडे तोंड करून ते खालच्या पेशींना झाकते आणि काम संपल्यावर गळून जाते. त्यानंतर मूळ ओळीतील पेशी विभागून वर नवे थर रचू लागतात. तिसऱ्या महिन्यात मधला थर दिसतो आणि पाचव्या-सहाव्या महिन्यापर्यंत तळाचा, काटेरी, कणीदार आणि शृंगी असे बाह्यत्वचेचे ओळखीचे थर लागतात. शृंगी थर म्हणजे केराटिनने भरलेल्या मृत पेशींचा, पाणी अडवणारा थर. तात्पुरते आवरण याच सुमारास सुटते. त्याच्या आणि इतर सुटलेल्या पेशी तैलग्रंथींच्या स्रावात मिसळतात आणि नवजात बाळाच्या अंगावर दिसणारा पांढरट चिकट लेप तयार होतो.

खालची अंतस्त्वचा मात्र बाह्यस्तरातून येत नाही. पाठीची अंतस्त्वचा कण्याच्या बाजूच्या मध्यस्तराच्या गाठींतून येते. हातापायांची आणि पोटाची अंतस्त्वचा मध्यस्तराच्या दुसऱ्या भागातून, तर चेहऱ्याची मज्जाशिखेच्या पेशींतून येते. त्वचेला रंग देणाऱ्या पेशीही मज्जाशिखेतून निघतात आणि प्रवास करत दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात बाह्यत्वचेत येऊन राहतात. संरक्षक पेशी आणखी वेगळ्या वाटेने येतात. थोडक्यात, त्वचा हे अनेक ठिकाणांहून आलेल्या पेशींचे एकत्र कुटुंब आहे.

आता बोटांकडे वळू. सातव्या-आठव्या आठवड्यात बोटांच्या टोकांवर मध्यस्तराच्या ऊतींमुळे उशीसारखे लहान फुगवटे येतात. दहाव्या-अकराव्या आठवड्यानंतर बाकीचा हात वाढत जातो आणि या उश्या त्या मानाने बसू लागतात. नेमक्या याच काळात बाह्यत्वचेच्या तळाच्या पेशी ओळीओळीने वेगाने विभागतात आणि खाली अंतस्त्वचेत चुण्यांसारख्या उतरतात. या प्राथमिक कड्या होत. कड्या पसरत असताना उशी उंच आणि गोलसर असेल तर बहुधा चक्र उमटते, एका बाजूला कललेली असेल तर शंख, आणि जवळजवळ बसलेली असेल तर कमान. सतराव्या आठवड्याच्या सुमारास नवीन प्राथमिक कड्या होणे थांबते आणि नक्षी कायम होते. पुढे त्यांच्या मधोमध दुय्यम कड्या तयार होतात, घामाच्या नळ्या खाली उतरतात आणि मग तीच नक्षी पृष्ठभागावर दिसू लागते. म्हणजे कागदावर उमटणारा ठसा ही त्वचेच्या खालच्या बाजूला आधीच झालेल्या रचनेची वरची खूण आहे.

कड्या ओळीनेच का येतात याचे चांगले उत्तर २०२३ साली एडिंबरा येथील डेनिस हेडन यांच्या गटाने दिले. कडी सुरू करणारे आणि कडी अडवणारे रासायनिक संदेश एकमेकांशी खेळतात आणि त्यातून आपोआप पट्टे पडतात. गणिती ॲलन ट्यूरिंग यांनी १९५२ साली मांडलेल्या कल्पनेचे हे जिवंत उदाहरण. कड्यांच्या लाटा तीन ठिकाणांहून निघतात : उशीचा मध्य, नखाजवळचे टोक आणि बोटाच्या पेऱ्याची घडी. या लाटा कुठे आणि केव्हा भिडतात यावर नक्षी ठरते. एखादी कडी कुठे फुटेल, कुठे संपेल यात योगायोगाचा वाटा मोठा असतो. म्हणूनच एकाच फलित अंड्यातून झालेल्या जुळ्यांचे ठसेही तंतोतंत सारखे नसतात.

आता पहिला मुद्दा. बोटांची नक्षी साधारण दहाव्या ते सतराव्या आठवड्यात ठरते, म्हणजे पत्रकातील आकडे फारसे चुकलेले नाहीत. त्या काळात मेंदूतही चेतापेशी तयार होत असतात, हेही खरे. पण त्याच आठवड्यांत मूत्रपिंडे, हाडे आणि दातांचे अंकुरही वाढत असतात. एकाच पावसात भात वाढते आणि कुंपणावरची वेलही वाढते. वेलीची पाने मोजून भाताचे उत्पन्न सांगता येत नाही. शिवाय वेळ जुळते असे म्हणणेही अर्धवट आहे. विसाव्या आठवड्याच्या सुमारास गर्भाच्या मेंदूचा पृष्ठभाग बराचसा गुळगुळीत असतो. बहुतेक वळ्या त्यानंतर पडतात. जन्मतः मेंदूचे वजन सुमारे ३५० ते ४०० ग्रॅम असते आणि प्रौढपणी १३०० ते १४०० ग्रॅम. चेतापेशींच्या जोडण्या जन्मानंतर वर्षानुवर्षे बनतात आणि छाटल्या जातात. निर्णयाशी संबंधित पुढचा भाग तर विशी उलटेपर्यंत पक्व होत राहतो. बोटांची नक्षी पूर्ण होते तेव्हा मेंदूचे मुख्य काम अजून व्हायचे असते. जे घडलेलेच नाही त्याची नोंद बोटांवर होणार कशी?

दुसरा मुद्दा समान थराचा. बाह्यत्वचा आणि मेंदू दोन्ही बाह्यस्तरातून येतात, हे वाक्य आपण वर्गात शिकवतो. पण केस, नखे, दातांवरील एनॅमल, डोळ्याचे भिंग, घामाच्या ग्रंथी आणि स्तनग्रंथीही बाह्यस्तरातूनच येतात. समान थर हा पुरावा धरला तर नखांवरून गणिताची आवड सांगता आली पाहिजे. खरे तर मेंदू ज्यातून होतो ती बाह्यस्तराची पट्टी तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच आत वळून वेगळी होते, म्हणजे बोटांवर कड्या सुरू होण्याच्या कितीतरी आधी. आणि ज्या उशीच्या आकारावर चक्र की शंख हे अवलंबून असते ती उशी मध्यस्तराची आहे. पत्रक ज्या वाक्यावर उभे आहे, त्याचा उत्तरार्ध त्यात दिलेला नाही.

नक्षीमागे कोणती जनुके असतात हेही आता बरेच कळले आहे. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या, २३ हजारांहून अधिक व्यक्तींच्या अभ्यासात नक्षीशी संबंध दिसलेली जनुके प्रामुख्याने हातपाय घडवण्याच्या कामातली निघाली. नक्षीचा संबंध बोटांच्या लांबीशीही दिसला. बोटांचे ठसे बोटांच्या वाढीविषयी काही सांगतात, यात नवल नाही.

तिसरा मुद्दा दहा बोटे आणि दहा खंडांचा. प्रमस्तिष्काच्या प्रत्येक अर्ध्या भागाचे चार मुख्य खंड शिकवले जातात : ललाट, पार्श्विक, शंख आणि पश्चकपाल. दुपटीने आठ होतात. दहा हा आकडा जमवण्यासाठी ललाट खंडाचा पुढचा भाग वेगळा मोजतात. बोटे दहा आहेत म्हणून खंडही दहा करावे लागले, हे उघड आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे बोटांचा मेंदूशी असलेला खरा संबंध आपल्याला माहीत आहे. उजव्या हाताच्या पाचही बोटांच्या स्पर्शाची नोंद डाव्या पार्श्विक खंडातील एका पट्ट्यात शेजारीशेजारी होते आणि त्यांच्या हालचालींचे नियंत्रण त्यालाच लागून असलेल्या ललाट खंडाच्या पट्ट्यातून होते. तर्जनीसाठी एक खंड आणि करंगळीसाठी दुसरा, अशी व्यवस्था नाही.

चौथ्या मुद्द्यात मात्र तथ्याचा अंश आहे आणि तो प्रामाणिकपणे मान्य केला पाहिजे. ‘डर्मॅटोग्लिफिक्स’ हा शब्द हॅरोल्ड कमिन्स यांनी १९२६ साली रूढ केला. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या तळहातावरील रेषांत काही वैशिष्ट्ये अधिक वेळा आढळतात, हे त्यांनी १९३६ च्या सुमारास दाखवले. या मुलांच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत एक जास्तीचे गुणसूत्र असते. त्याचा परिणाम हृदयावर, मेंदूवर आणि हातावरही होतो. हाताने मेंदूला घडवले किंवा मेंदूने हाताला, असा याचा अर्थ नाही. शिवाय ही वैशिष्ट्ये असंख्य निरोगी माणसांतही असतात, म्हणून निदानासाठी गुणसूत्रेच तपासावी लागतात. समूहाच्या सरासरीतला फरक आणि एका मुलाविषयीचे भाकीत यांत मोठे अंतर आहे. काही अहवालांत तळहातावरील एक कोन मोजून शिकण्याचा वेग सांगतात. तो कोन हात वाढेल तसा कमी होतो आणि ठसा घेताना बोटे किती फाकवली यावरही बदलतो. वयाने बदलणाऱ्या मापावरून ‘जन्मजात’ गुण सांगणे विचित्रच आहे.

‘मल्टिपल इंटेलिजन्स’ हे शब्द हॉवर्ड गार्डनर यांच्या १९८३ च्या पुस्तकातून उचललेले आहेत. गार्डनर यांनी बुद्धिमत्तेचे अनेक प्रकार मानले, पण बोटांच्या ठशांवर त्यांनी काहीही उभारले नव्हते, आणि या चाचणीला आपला पाठिंबा नसल्याचे त्यांनी सांगितले आहे. इंडियन सायकियाट्रिक सोसायटी या आपल्या देशातील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनेही या चाचणीला शास्त्रीय आधार नसल्याची भूमिका घेतली आहे.

या प्रश्नाची तपासणी फार पूर्वीच झाली होती, हे या प्रकरणातले विशेष. ठशांच्या विद्येचा जन्म आपल्या देशाशी जोडलेला आहे. १८५८ साली बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने एका कंत्राटावर सहीबरोबर हाताचा ठसा घेतला. १८९७ साली कलकत्त्यात ठशांचे कार्यालय सुरू झाले आणि तिथल्या वर्गीकरणात अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस यांचा मोठा वाटा होता. या दोन घटनांच्या मध्ये, १८९२ साली, फ्रान्सिस गाल्टन यांचे ठशांवरील पुस्तक आले. गाल्टन हे सुप्रजननवादाचे प्रवर्तक. बुद्धी आनुवंशिक असते आणि ती शरीरावर कुठेतरी दिसली पाहिजे, अशी त्यांची मनोमन इच्छा होती. त्यांनी विद्यार्थी, शेतमजूर आणि मतिमंदांच्या आश्रमातील रहिवासी अशा वेगवेगळ्या गटांचे ठसे ताडून पाहिले. फरक सापडला नाही, आणि त्यांनी तसे लिहून ठेवले. संबंध सापडावा असे ज्याला सर्वाधिक वाटत होते त्याच माणसाचा हा निष्कर्ष आहे. पत्रकांत गाल्टन यांचे नाव येते, निष्कर्ष येत नाही.

आणखी एक उदाहरण पुरेसे बोलके आहे. २०११ साली एका स्विस कुटुंबाच्या अभ्यासातून असे एक जनुक सापडले, ज्यातील बदलामुळे बोटांवर कड्याच येत नाहीत. या कुटुंबातील व्यक्तींना घाम कमी येतो आणि विमानतळावर ठसे देताना अडचण होते. बाकी त्या तुमच्याआमच्यासारख्याच असतात. डीएमआयटीच्या हिशेबात त्यांच्या बुद्धीचा अहवाल कोरा यायला हवा.

मग हे पत्रक पटते का? याचे एक कारण आपल्या शिकवण्यात आहे असे मला वाटते. त्वचा शिकवताना आपण एक ठोकळ्याची आकृती काढतो. बाह्यत्वचा, अंतस्त्वचा, घर्मग्रंथी आणि केशमूळ अशी नावे देतो आणि गुण मिळतात. दोन थरांमधली रेषा नागमोडी काढतो, पण ती नागमोडी का, हे सांगत नाही. आकृतीत काळ नसतो. हे थर कुठून, कोणत्या क्रमाने आले याचा पत्ता लागत नाही. ज्या विद्यार्थ्याने त्वचा फक्त नावांची यादी म्हणून पाहिली, त्याला मोठा होऊन पालक झाल्यावर ‘त्वचा व मेंदू एकाच थरातून’ हे वाक्य नवे आणि गूढ वाटले तर दोष त्याचा नाही. ठोकळ्याशेजारी चार लहान चित्रे काढावीत : एक ओळ, दोन ओळी, अनेक थर, आणि खाली उतरलेल्या कड्या. त्याला फळ्यावर पाच मिनिटे लागतात.

त्वचेच्या वेळापत्रकाचा खरा उपयोगही सांगावा. शृंगी थर उशिरा पक्व होतो, म्हणून फार लवकर जन्मलेल्या बाळाच्या त्वचेतून पाणी आणि ऊब झपाट्याने निघून जाते आणि जंतू सहज आत शिरतात. अशा बाळाला आईच्या छातीशी उघड्या अंगाने बिलगून ठेवतात त्यामागे हे एक कारण आहे. तसेच आपल्या भागात मिठागरांत, पानवेलीच्या मळ्यांत किंवा मासळी साफ करण्यात आयुष्य घालवलेल्या माणसांचे ठसे रेशन दुकानातल्या यंत्रावर उमटत नाहीत, हे अनेकांनी पाहिले असेल. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे दिला गेला. तेव्हापासून ठसा हा आपल्या रोजच्या व्यवहाराचा भाग झाला. झिजते ती वरची बाह्यत्वचा. नक्षीचे मूळ खाली अंतस्त्वचेशी असते, म्हणून काही आठवडे विश्रांती मिळाली तर बहुधा तोच ठसा पुन्हा दिसतो. मुलांचे आधार पाचव्या आणि पंधराव्या वर्षी अद्ययावत करावे लागते तेही याच संदर्भात समजते : कड्या तेवढ्याच राहतात, बोट वाढते आणि कड्यांमधले अंतर रुंदावते.

वर्गात दोन प्रयोग करता येतील. पहिला : कागदावर पेन्सिलीचा शिसा घासून बोट त्यावर दाबावे, पारदर्शक चिकटपट्टीने ठसा उचलून वहीत लावावा. पूर्ण वर्गाचे शंख, चक्र आणि कमान मोजावेत. साधारणपणे शंख सर्वांत जास्त, त्याखालोखाल चक्र आणि कमानी मोजक्याच निघतील. मग गणिताचे गुण किंवा खेळातली आवड यांच्याशी ताडून पाहावे. एका वर्गाचे आकडे थोडे असतात, त्यामुळे एखादा योगायोग दिसेलही. शेजारच्या तुकडीत तो टिकतो का, हे बघायला सांगावे. संशोधन म्हणजे काय हे मुलांना त्यातून कळेल.

दुसरा प्रयोग अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांचा आहे. १९४८ साली त्यांनी ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याचे ‘खास’ स्वभाववर्णन दिले. विद्यार्थ्यांनी त्याच्या अचूकतेला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. वर्णन मात्र सर्वांना एकच दिलेले होते. हाच प्रयोग दहावीच्या वर्गात करून पाहा. ‘तू कधी मोकळेपणाने बोलतोस, कधी गप्प राहतोस, तुझ्यात अजून न वापरलेली क्षमता आहे’ अशी वाक्ये सर्वांना लागू पडतात. चकचकीत अहवाल वाचून ‘अगदी आमच्या मुलासारखं लिहिलंय’ असे पालक म्हणतात, त्याचे कारण मुलांना स्वतःच्या अनुभवातून समजेल.

पत्रक घेऊन येणाऱ्या पालकांशी बोलताना तीन प्रश्न पुरेत. नाव न सांगता दोन वेगवेगळ्या ठिकाणी त्याच मुलाचे ठसे दिले तर अहवाल सारखा येईल का? मुलाला न पाहता, त्याच्या आईवडिलांशी न बोलता अहवाल तयार करता येईल का? आणि पाच वर्षांनी अहवाल चूक ठरला, तर तो चूक आहे हे कशावरून ओळखायचे? यांची उत्तरे मिळत नसतील तर फी भरण्याची घाई करू नये.

पैसे गेले तर ते पुन्हा मिळवता येतात. पण अहवालात ‘तर्कशक्ती कमी’ असे छापून आले की सहावीतल्या मुलीची गणिताची वही हळूहळू मागे पडते. घरचे समजूतदारपणे म्हणतात, ‘जाऊ दे, तिच्यात ते नाहीच’. पुढे ती गणितात मागे पडली की अहवाल खरा ठरल्यासारखा दिसतो. अशा वेळी तिची वही उघडून, अपूर्णांकांची बेरीज तिला नेमकी कुठे अडते हे पाहणारा माणूस शिक्षकच असतो.